टाकीखालचं लाकूड

माझे सासरे नेपथ्याचे सुतार. नाटकात राजवाडे, तुरुंग, दिवाणखाने दिसतात ना, ते उभे करणारा माणूस. आयुष्यभर त्यांनी घरं बांधली, पण ती सगळी तीन अंकांची. पडदा पडला की अर्ध्या तासात घर खाली, घर ट्रकमध्ये, आणि ट्रक दुसऱ्या गावाच्या रस्त्याला. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र त्यांच्या हातचं साधं स्टूलही नव्हतं. माझ्या नवऱ्याने शाळेचा सगळा अभ्यास जमिनीवर पालथं पडून केला. त्यावरून कुणी टोकलं की अण्णा हसून म्हणायचे, "अरे, आचारी कधी घरी जेवतो का?" आणि ऐकणारा हसायचा. अण्णांवर चिडणं कुणाला जमायचंच नाही. मला जमायचं.

माणूस गोड होता, त्याबद्दल वाद नाही. बोलायला लागले की ऐकत राहावं. पण अडीअडचणीच्या वेळी हटकून गायब. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा अण्णा दौऱ्यावर नव्हते. ते हॉस्पिटलच्या आवारातच होते, फाटकाजवळच्या चहाच्या दुकानात. वर खाटेजवळ त्यांचा शाळकरी मुलगा एकटा होता. नर्सने काय ते त्यालाच सांगितलं, आणि त्याने जिना उतरून जाऊन बापाला सांगितलं. लग्नानंतर एकदा नवऱ्याने मला हे सांगितलं आणि वर म्हणाला, "अण्णांना बघवत नाही गं." मला त्या दिवशी जो राग आला तो आलाच. बघवत कुणाला असतं?

नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळीवर काम करायचा. एक दिवस त्याच्या हातून पाना निसटला. मग वरचेवर निसटायला लागला. मग जिन्यात पाय अडखळायला लागले. डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, "शेवटी श्वासाचे स्नायू," असं म्हणाले आणि टेबलावरचं पेन उगाचच सरळ करत बसले. आम्हाला कळायचं ते कळलं. पुढे हात गेले, पाय गेले. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्याची खाट आली, उशाशी श्वासाचं यंत्र आलं. मान हलायची, जीभ चालायची, शब्द जड यायचे. डोकं मात्र लख्ख. पुन्हा हॉस्पिटलात जायचं नाही, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. जे व्हायचं ते याच खोलीत होऊ दे म्हणायचा.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा त्यांच्याकडची माशांची टाकी रिकामी झाली. ते स्वतः वर आले. काच चांगली आहे, टाकवत नाही, खालचा लोखंडी स्टँड तेवढा गंजून गेला, म्हणाले. खाटेवरच्या माणसाचं करताना मला स्वतःचे केस विंचरायला वेळ मिळत नव्हता, त्यात मासे! मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोच खाटेवरून आवाज आला, "घे गं."

डॉक्टर टाकी ठेवून गेल्यावर मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "ही ठेवायची कुठे? माझ्या डोक्यावर?"

"स्टँड करायचा. लाकडाचा. अण्णा करतील."

"कोण? तुझे अण्णा? या घरात?"

"विचारून तर बघ," तो म्हणाला.

अण्णा तेव्हा नाटक कंपनीच्या गोदामामागच्या खोलीत एकटे राहायचे आणि जुन्या सेटची डागडुजी करायचे. पोरगा आजारी पडल्यापासून ते चार-दोन वेळा येऊन गेले होते. दारातच उभे राहायचे, फळांची पिशवी माझ्या हातात द्यायचे, गाडी चुकेल म्हणायचे आणि निघायचे. फोनवर मी स्टँडचं सांगितलं तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी हत्यारांची पेटी घेऊन हजर. कामाला बोलावलं की हा माणूस धावत येतो आणि माणसासाठी बोलावलं की पळत सुटतो, असं मी मनात म्हटलं आणि गॅलरी मोकळी करून दिली.

त्या दिवसापासून घरात भुसाच भुसा. काम गॅलरीत, दार लावून, दाराला ओली चादर, तरी भुसा यायचाच. भांड्यांवर भुसा, औषधांच्या बाटल्यांवर भुसा. श्वासाचा त्रास असलेल्या माणसाच्या घरात हे बरं नव्हे म्हणून मी कुरकुरले तर नवरा म्हणतो, "लाकडाचा वास बरा वाटतो."

अण्णांची काम करायची तऱ्हा निराळीच. कानामागे पेन्सिल, तोंडाने बडबड. एखादी पट्टी लावली की ते मागे मागे सरकत खोलीत यायचे, थेट खाटेच्या पायथ्यापर्यंत, आणि डोळे बारीक करून गॅलरीकडे बघायचे. "इथून कसं दिसतंय?" प्रत्येक वेळी हाच प्रश्न. प्रश्न मुलाला, पण बघायचे स्टँडकडे. त्याच्या तोंडाकडे चुकूनही नजर जायची नाही. नवरा सांगायचा, "छान. पण जरा उंच हवं होतं."

झालं. पुन्हा माप, पुन्हा करवत.

उंची झाली तर खाली दारं हवी झाली. दारं झाली तर दारांना नक्षी. नक्षी झाली तर रंग फिका वाटायला लागला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशातली गत. मान सोडून काही हलत नाही आणि बसल्याजागी, खरं तर पडल्याजागी, उंटावरून शेळ्या हाकणं चाललेलं. मी म्हटलंसुद्धा, "अरे, टाकी ठेवायचीय त्यावर, वरात नाही काढायची." अण्णा मात्र चिडले नाहीत. त्यांनी साध्या प्लायवर ब्रशने अशी काही रंगकामाची कमाल केली की कुणीही म्हणावं, जुनं सागवान आहे. लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं रंगवलेलं. हात लावला तेव्हा मलाही क्षणभर खरं वाटलं.

एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना मी स्टँडच्या मागच्या बाजूला गेले. मागे काहीच नव्हतं. दोन पातळ पट्ट्या, कोपऱ्यात बिजागऱ्या, बिजागऱ्यांतून उपसून काढता येतील अशा खिळ्या. पुढून राजवाडा आणि मागून उघडा सांगाडा.

"अण्णा, मागे काही लावायचं राहिलंय का?"

"मागे कशाला?" ते आश्चर्याने म्हणाले. "मागून कोण बघतंय? आणि या खिळ्या उपसल्या की पाच मिनिटांत सगळं घडी होतं, सूनबाई. उद्या घर बदलायचं झालं तर नेता येईल."

मला सुतारकाम काय कळतंय! स्टँड जरा डुगडुगत होता. ते म्हणाले, तुमची फरशी वाकडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण सासऱ्याला कसं म्हणणार? पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सारून दिली.

मग एका दुपारी हात पुसता पुसता अण्णा सहज म्हणाले, "उद्या पॉलिशचा शेवटचा हात मारला की मी मोकळा. गोदामात उंदीर माजले असतील."

तेवढ्यात नवऱ्याने खाटेवरून हाक मारली. "अण्णा, वरच्या कडेला एक गोलाई काढता आली तर?"

मी पेजेची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसले होते. तोंडापर्यंत नेलेला चमचा मी तसाच धरून ठेवला. या माणसाने घरातल्या खुर्चीची गोलाई कधी पाहिली नव्हती. कपाटाचं दार महिनोन्‌महिने लोंबत होतं तेव्हा याला दिसलं नव्हतं. अण्णा रंधा आणायला गॅलरीत गेल्यावर मी हळूच विचारलं, "तुला मासे कधीपासून आवडायला लागले रे?"

"मला कुठे आवडतात?"

"मग?"

श्वास जमवायला त्याला वेळ लागला. "काम संपलं की जातील ते. मला... ते इथे हवेत. तेव्हा."

'तेव्हा' म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मला राग आला. "मी आहे ना इथे? रात्रंदिवस आहे. मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे का?"

"तू आहेसच गं. तुझी भीती नाही." तो थांबला. "आईच्या वेळी मी एकटाच होतो. अण्णा खाली होते. मला वाटायचं, एकदा तरी ते वर येतील."

"मग सांग ना सरळ. थांबा म्हणून सांग."

"सांगितलं की पळतील," तो म्हणाला. ते खरंही होतं.

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी चमचा खालीच ठेवला. हा स्टँड पाण्याचं वजन धरणार नाही, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. सारा जन्म पाण्यात गेलेला माणूस. लिटरला किलो. टाकी भरली म्हणजे तीन धडधाकट माणसं त्या रंगवलेल्या प्लायवर उभी राहिली असं समज, म्हणाला. मागे आधार नाही, कोपऱ्यांत बिजागऱ्या. पुढे-मागे तग धरेल, पण आडवा कलंडेल.

"अरे, मग सांगत का नाहीस त्यांना?"

"सांगितलं तर दोन पट्ट्या ठोकतील आणि मोकळे होतील. कलंडला तर पहिल्यापासून करावा लागेल." एवढं बोलून त्याला धाप लागली, पण डोळ्यांत शाळेतल्या पोराचा खोडसाळपणा होता. "तू जवळ उभी राहा. पाणी उपसायची नळी हाताशी ठेव."

इतके दिवस त्याने मला ताकास तूर लागू दिली नव्हती. मला हसावं की त्याच्या गळ्यात पडून रडावं, ते कळेना. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. उरलेली पेज भरवली.

स्टँड खोलीत आला, कोपऱ्यात, दोन्ही भिंतींपासून हातभर अंतरावर, खाटेवरून नीट दिसेल असा. टाकी वर चढवली. अण्णांनी दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले आणि खूश झाले. मी बादलीने पाणी ओतायला लागले. अर्धी टाकी भरेपर्यंत काही झालं नाही. नवऱ्याची नजर पाण्यावर नव्हती, ती स्टँडच्या पायांवर होती. आणखी काही बादल्या ओतल्या आणि कर्र असा बारीक आवाज आला. रंगवलेलं दार आपोआप उघडलं. स्टँड डावीकडे झुकायला लागला, अगदी सावकाश.

अण्णा ओरडले नाहीत. स्टँड आणि डावीकडची भिंत यांच्यामध्ये घुसून त्यांनी डाव्या कडेला खांदा लावला, दोन्ही हातांनी वरची चौकट धरली आणि पाय रोवले. मी नळी टाकीत सोडली, तोंडाने ओढून पाणी चालू केलं.

"नळी... खाली धर," खाटेवरून हुकूम आला. "अजून खाली. जमिनीला टेकव. मग जोर येतो."

मी नळीचं तोंड बादलीच्या तळाशी दाबलं. पाणी यायला लागलं, पण किती ते! एवढीशी धार. एका हाताने नळी, दुसऱ्या हाताने तांब्याने उपसणं, असं चाललं होतं. त्या सगळ्या वेळात अण्णांना हलता येत नव्हतं. खांदा काढला असता तर टाकी फुटून खोलीभर काचा झाल्या असत्या. आणि तिथे खांदा लावून उभं राहिलं की तोंड नेमकं खाटेकडे यायचं. मुलाच्या तोंडासमोर तोंड. मान फिरवायलाही जागा नव्हती. आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याला नीट पाहिलं. गालांची हाडं पाहिली, गळ्याचा खळगा पाहिला, श्वास घेताना पोट कसं ओढलं जातं ते पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. तो काही नुसत्या वजनाचा नव्हता.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचा माणूस आहे मी."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

मी उपसणं चालूच ठेवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही जाऊ नये म्हणून, अण्णा. त्याला तुम्ही हवे आहात इथे. शेवटपर्यंत. आणि तुम्ही नसता कधीच."

अण्णा एरवी पटकन काहीतरी गंमत करून निसटले असते, पण खांद्यावर टाकी होती.

टाकी रिकामी झाली. आम्ही दोघांनी ती उचलून जमिनीवर ठेवली. अण्णांनी खिळ्या उपसल्या. खरंच, पाच मिनिटांत त्या सागवानाची घडी झाली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग त्यांनी हत्यारं पेटीत भरली, पेटी उचलली. "लाकूड बघून येतो," म्हणाले, तेही दाराला म्हणाले, आणि गेले.

लाकूड बघायला कुणी पेटी घेऊन जातं का? संध्याकाळ झाली, दिवे लागले. मी त्यांना फोन लावला नाही. नवरा एवढंच म्हणाला, "आपलंच चुकलं. धरून ठेवायला नको होतं." मी त्याला कूस बदलून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन सासऱ्याला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. पाजी, पळपुटा, काळजाच्या जागी प्लाय असलेला माणूस. चार शिव्या स्वतःलाही दिल्या, कारण जे मुलाने एवढे दिवस जपून ठेवलं होतं ते मी एका वाक्यात सांडून टाकलं होतं.

सकाळी जिन्यात धडधड ऐकू आली. दार उघडलं तर अण्णा आणि एक हमाल. दोघांच्या खांद्यावर जाडजूड तुळया, जुन्या पाडलेल्या जिन्याच्या, काळ्या पडलेल्या. हमाल धापा टाकत होता. अण्णांनी पेटी खाली ठेवली.

"करवतींना धार लावून आणली," ते म्हणाले. "बोथट करवतींनी हे लाकूड कापलं गेलं नसतं."

मी बाजूला सरकले. मला त्यांच्याकडे बघवेना. ते सरळ खाटेशी गेले, खुर्ची ओढून बसले आणि मुलाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "मी आजवर वजन धरणारं काही केलेलं नाही. मला येत नाही. तू सांग, मी करतो."

दुसरा स्टँड असा झाला. नवऱ्याचा आवाज तोवर पार खाली गेला होता, अण्णांना त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. तो सांगायचा, वजन स्क्रूवर नको, लाकडावर लाकूड बसून ते जमिनीत जायला हवं. मग अण्णा पायांना खाच पाडून त्यात आडवी तुळई बसवायचे. तो सांगायचा, मागे कातरीसारख्या दोन तिरक्या पट्ट्या. ते पट्ट्या मारायचे. रंग नाही, नक्षी नाही, दारं नाहीत. मागे सरकून डोळे बारीक करणं बंद झालं. उलट ते सारखे स्टँडच्या मागे जाऊन बसायचे आणि वाकून बघायचे. रात्री बाहेरच्या खोलीतच सतरंजी टाकून झोपायचे. उंदरांचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण माणूस एका रात्रीत बदलतो, असं नाही. एकदा नवऱ्याला श्वासाची उबळ आली. ओठ निळे पडले, डोळे पांढरे झाले. मी मास्क लावत होते, पाठ चोळत होते, आणि वळून बघते तर खुर्ची रिकामी. अण्णा गॅलरीत, कानांवर हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून उभे. उबळ ओसरल्यावर मी गॅलरीत गेले आणि त्यांना नाही नाही ते बोलले. सासरे आहेत, वयाने मोठे आहेत, काही पाहिलं नाही. "पुन्हा त्याला असा टाकून उठलात तर या घरात पाऊल ठेवायचं नाही," असंही म्हटलं. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. "चुकलं," म्हणाले. "पाय आपोआप निघतात गं."

स्टँड पुरा झाला. टाकी वर चढवली. मी बादल्या ओतत गेले, काठोकाठ ओतल्या. कर्र नाही की कुर्र नाही. अण्णांनी मागे जाऊन दोन्ही हातांनी धक्का देऊन पाहिला; स्टँड तसूभर हलला नाही. नवऱ्याने मिटल्या ओठांनी हसल्यासारखं केलं. मासे लगेच सोडायचे नसतात, पाणी काही दिवस फिरवावं लागतं. तेवढे दिवस तो नुसत्या पाण्याकडे बघत पडायचा. खिडकीतलं ऊन पाण्यातून त्याच्या चादरीवर यायचं. अण्णा शेजारच्या खुर्चीवर. मला ते आवडायचं आणि थोडा मत्सरही वाटायचा. एवढं केलं मी, आणि याच्या चेहऱ्यावरचं हे समाधान बापाच्या वाट्याला.

मग एका दुपारी तो मला म्हणाला, "मासे आण." शब्द निघत नव्हते, पण ओठांवरून कळलं.

त्या दिवशी त्याचा श्वास बरा होता. दुकान चौकापलीकडे होतं. घराबाहेर पडून मला किती दिवस झाले होते कोण जाणे. अण्णा खुर्चीत बसले होते, मुलाचा हात हातात घेऊन. चपला घालता घालता मी बोट रोखून म्हटलं, "मी परत येईपर्यंत या खुर्चीतून उठायचं नाही. काहीही झालं तरी. कळलं?"

"नाही उठणार," ते म्हणाले. अगदी आज्ञाधारक मुलासारखं.

दुकानात मी रमले. खरं ते सांगते, रमले. भिंतभर टाक्या, निळा उजेड, पंपांची बुडबुड. दुकानदार जाळी घेऊन माशांच्या मागे लागायचा, मासा निसटायचा, मी हसायचे. कुठले घ्यायचे ते ठरेना. शेवटी केशरी घेतले, त्याला लांबून दिसावेत म्हणून. दुकानदाराने पिशवीत पाणी भरलं, हवा भरली, गाठ मारली आणि सांगितलं, पिशवी थोडा वेळ तशीच टाकीत तरंगू द्या, मगच सोडा. पिशवी छातीशी धरून मी चालत आले. रस्त्यात एकदा थांबून पाहिलं, सगळे जिवंत आहेत ना.

दार नुसतं लोटलेलं होतं. अण्णा खुर्चीत होते, मी सोडून गेले तसेच, हातात हात. यंत्र चालू होतं. मी खाटेकडे बघितलं आणि मला कळलं.

अण्णा उठले नाहीत. "बराच वेळ झाला," ते म्हणाले. "उबळ आली. मास्क लावला मी, तू लावतेस तसा. नाही उपयोग झाला."

"मला फोन..." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मला फोन का नाही केलात? मी चौकात होते. धावत आले असते."

"फोन स्वयंपाकघरात होता," ते म्हणाले. "उठावं लागलं असतं."

ते माझ्याकडे बघत होते. काही चुकलं असेल तर सांग, असे त्यांचे डोळे. "तो माझ्याकडे बघत होता गं. मी नजर काढली नाही. तुला हाक मारायला दारापर्यंत जावं, असं एकदा मनात आलं. पण तू म्हणाली होतीस. आणि मी एकदा उठलो असतो तर... मला माहीत आहे माझं. मी परत आलो नसतो."

पिशवीतले मासे गरगर फिरत होते. मला त्या म्हाताऱ्याला खुर्चीसकट ढकलून द्यावंसं वाटलं. इतकी वर्षं नवऱ्याचं सगळं मी केलं. त्याचा एकेक श्वास मोजत मी जागले. आणि तो गेला तेव्हा मी केशरी घेऊ की पिवळे, याचा विचार करत उभी होते. जन्मभर पळत आलेला माणूस त्या एका वेळी जागचा हलला नाही, आणि माझ्या शब्दामुळे हलला नाही. नवऱ्याला जे हवं होतं ते मिळालं. मी तिथे असेनच, हे तो धरूनच चालला होता.

"सूनबाई," अण्णांनी विचारलं, "उठायला हवं होतं का मी?"

"नाही," मी म्हटलं. "बरं केलंत, नाही उठलात ते."

ते मला म्हणायचं नव्हतं. पण दुसरं काही म्हटलं असतं तर ते पेटी उचलून गेले असते, आणि त्या दिवशी मला घरात एकटीला राहायचं नव्हतं.